अगणित म्हणून अनामिक : कुलाब्याच्या अफगाण चर्चची भिंत

आजचा धागा एका चर्चविषयी आहे. खरे म्हणजे त्या चर्चमधील एका भिंतीविषयी. पण त्या भिंतीपर्यंत जायचे तर संपूर्ण वास्तू ओलांडावी लागते, म्हणून धागा लांबला आहे. सवडीने वाचावा.

मुंबईत कुलाब्याच्या दक्षिण टोकाकडे, नौदलाच्या वसाहतीलगत, उंच निमुळत्या मनोऱ्याचे एक चर्च उभे आहे. त्याचे अधिकृत नाव सेंट जॉन द इव्हँजेलिस्ट. सारी मुंबई मात्र त्याला ‘अफगाण चर्च’ म्हणते, कारण ते पहिल्या अफगाण युद्धात आणि त्यापाठोपाठच्या सिंध मोहिमेत कामी आलेल्यांचे स्मारक म्हणून बांधले गेले. आतल्या स्मृतिलेखाचा आशय असा : १८३८ ते १८४३ या काळात सिंध व अफगाणिस्तानातील मोहिमांत जे अधिकारी मरण पावले, त्यांची नावे येथील भिंतींवर लिहिली आहेत, आणि जे कनिष्ठ दर्जाचे सैनिक व साधे शिपाई तलवारीने किंवा आजाराने मेले, त्यांचेही हे स्मारक आहे, परंतु ते इतके होते की त्यांची नावे लिहिणे शक्य नाही.

या अखेरच्या वाक्यासाठी मी हा धागा लिहितो आहे.

मी दोंडाईच्याचा. आमच्याकडून सुरतमार्गे जाणारी रात्रीची गाडी धरली की सकाळी मुंबई. बहुतेक माणसे कामे उरकून परतीची गाडी गाठतात. मला कामे उरकल्यावर उरलेला वेळ जुन्या भिंती वाचण्यात घालवण्याची खोड आहे. ही खोड मला बळसाण्याने लावली. साक्री तालुक्यातील बळसाण्याची यादवकाळाच्या आसपासची मंदिरे आमच्यापासून दूर नाहीत. तिथे फिरताना देवळाचे व्याकरण आपोआप अंगवळणी पडते : आधी मुखमंडप, मग सभामंडप, मग अंतराळ, मग गर्भगृह. एकदा हे व्याकरण कळले की पडझड झालेले देऊळही वाचता येते. इंग्रजी चर्चचेही असेच व्याकरण आहे आणि खानदेशी डोळ्यांना ते परके वाटण्याचे कारण नाही.

प्रथम ‘पॅरिश’ ही कल्पना समजून घेऊ. इंग्लंडात प्रत्येक गाव किंवा गावांचा लहानसा पुंजका म्हणजे एक पॅरिश आणि प्रत्येक पॅरिशला एक चर्च. ते केवळ प्रार्थनेचे ठिकाण नव्हे. आपल्याकडची चावडी, देऊळ आणि कुलकर्ण्याचे दप्तर एका छपराखाली आणले तर जे होईल, ते हे पॅरिश चर्च. १५३८ मध्ये राजा आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने हुकूम काढला की प्रत्येक पॅरिशने बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंदवही ठेवावी आणि ती वही कुलुपबंद पेटीत जपावी. त्या लाकडी, लोखंडी पट्ट्या ठोकलेल्या पेट्या अजूनही इंग्लंडातील कित्येक चर्चमध्ये कोपऱ्यात पडलेल्या आढळतात. पर्यटक त्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. माझ्या मते चर्चमधील सर्वांत मोलाची वस्तू तीच. जमीनदाराचे संगमरवरी थडगे राहते बाजूला, पण त्याच्या शेतावर राबणाऱ्या मजुराचे नाव त्या पेटीत असते : जन्मला कधी, लग्न कोणाशी, पुरला कधी. तीन ओळींचे का होईना, आयुष्य नोंदले जाते.

ही पेटी लक्षात असू द्या. पुढे तिची गरज पडेल.

आता रचनेकडे. परंपरागत इंग्रजी चर्च पूर्व-पश्चिम पसरलेले असते. माणूस पश्चिमेच्या बाजूने आत येतो आणि वेदी पूर्वेला असते. दाराजवळच एक दगडी कुंड असते, त्यात बाप्तिस्म्याचे पाणी. कुंड दाराशी का, वेदीजवळ का नाही? कारण बाप्तिस्मा म्हणजे धर्मसमाजात प्रवेश, आणि प्रवेश दाराशीच व्हायचा. पुढचा लांब दालनासारखा भाग म्हणजे ‘नेव्ह’. हा शब्द लॅटिनमधील जहाजावरून आला असे मानतात. वर पाहिले तर लाकडी छत उलट्या घातलेल्या होडीसारखेच दिसते. हा आपला सभामंडप, लोकांची जागा. त्याच्या दोन्ही अंगांना खांबांच्या रांगांपलीकडे ओवऱ्यांसारखे पट्टे असतात. नेव्ह संपल्यावर एक मोठी कमान लागते आणि कमानीपलीकडे दोन-तीन पायऱ्या चढून जो भाग येतो तो ‘चान्सेल’, म्हणजे पुरोहितांचा, गायकवृंदाचा आणि अगदी शेवटी वेदीचा. लोकांची जागा आणि चान्सेल यांच्यामध्ये पूर्वी जाळीदार पडदा असे.

देवळाशी साम्य उघड आहे. फरक एकच, पण तो मुळाशी जाणारा आहे. आपले गर्भगृह अंधारे असते. मंडपातून आत जाता जाता उजेड कमी होतो आणि शेवटी समईच्या ज्योतीत मूर्ती दिसते. चर्चमध्ये उलटे. सर्वांत मोठी खिडकी वेदीच्या मागे, पूर्वेच्या भिंतीत. सकाळचे ऊन रंगीत काचांतून गाळून थेट पवित्र स्थानावर यावे अशी योजना. एक वास्तू डोळ्यांना अंधारात नेऊन एकाग्र करते, दुसरी उजेडाकडे खेचून. दोन्ही रीती मला पटतात. कोणती श्रेष्ठ हा वाद निरर्थक वाटतो.

मुंबईत इंग्रजांनी बांधलेले पहिले चर्च हे नव्हे. तो मान फोर्टमधील सेंट थॉमसचा. सतराव्या शतकात त्याचा पाया पडला, मग कित्येक दशके भिंती अर्धवट उभ्या राहिल्या, आणि रिचर्ड कॉब नावाच्या पाद्र्याच्या खटपटीने १७१८ च्या नाताळात ते उघडले. (‘चर्चगेट’ हे नाव या चर्चकडे जाणाऱ्या किल्ल्याच्या दरवाजावरून पडले. रोज लाखो माणसे ते उच्चारतात, पण तो दरवाजाही आता नाही.) कॉबने त्या उद्घाटनाची जी हकीकत लिहून ठेवली, तिच्यात रामा कामाठी या मुंबईच्या बड्या हिंदू पुढाऱ्याचा उल्लेख येतो. वाळकेश्वराच्या देवळाचा जीर्णोद्धार करणारा तो हाच. तो आपल्या जातबांधवांसह आला आणि संपूर्ण उपासना होईपर्यंत चर्चबाहेर उभा राहून पाहत होता. दोन वर्षांत, १७२० मध्ये, याच रामा कामाठीवर कान्होजी आंग्र्यांशी संधान बांधल्याचा खटला झाला. त्याची मालमत्ता जप्त झाली आणि तो कैदेत पडला. ज्या पत्रांच्या आधारे त्याला दोषी ठरवले, ती बनावट होती असे पुढे मानले गेले. चर्चच्या उंबऱ्याबाहेर आदराने उभा असलेला तो माणूस आणि कंपनीच्या तुरुंगातला तो माणूस एकच आहे, हे सेंट थॉमसच्या कोणत्याही पाटीवर लिहिलेले नाही.

उंबऱ्याच्या आतही सारे समान नव्हते. अठराव्या शतकात तिथे कोणी कुठे बसायचे हे दर्ज्यानुसार ठरलेले असे : गव्हर्नर आणि कौन्सिलवाले पुढे, मग व्यापारी उतरत्या क्रमाने, स्त्रियांतही पुन्हा वरच्या-खालच्या. हा प्रकार इंग्लंडातूनच आला होता. तिथे खानदानी घराण्यांचे बाक कठड्यांनी बंद केलेले असत, त्यांना दारे असत, क्वचित शेगडीही असे. थंडीच्या दिवसांत प्रवचन लांबले तरी साहेबांचे पाय गरम राहावेत म्हणून! गरिबांनी मागे बसावे किंवा उभे राहावे.

अफगाण चर्च समजायला या बाकांविरुद्ध झालेले बंड ठाऊक असावे लागते. एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात इंग्लंडात काही तरुणांनी असे मांडायला सुरुवात केली की ग्रीक-रोमन खांबांची, सभागृहासारखी चर्चे हा धर्माचा अपमान आहे. खरे चर्च म्हणजे मध्ययुगीन गॉथिक, टोकदार कमानींचे. १८३९ मध्ये केंब्रिजला विद्यार्थ्यांनी या विषयाला वाहिलेली एक संस्थाच काढली. त्यांचा आग्रह असा : बंदिस्त बाक तोडा, सर्वांसाठी साधे उघडे बाक करा, चान्सेल खोल आणि स्पष्ट असू द्या, वेदी सर्वांना दिसू द्या. विशीतील पोरांनी चालवलेली ही चळवळ पाहता पाहता साऱ्या साम्राज्यातील चर्चांचे रूप ठरवू लागली. फरक पाहायचा असेल तर पुण्याच्या लष्कर भागातील सेंट मेरीज चर्च पाहा. बिशप हेबर याच्या हस्ते १८२५ मध्ये त्याचे पवित्रीकरण झाले. ते या चळवळीच्या आधीचे, साध्या अभिजात धाटणीचे आहे. त्यानंतर बावीस वर्षांनी पाया घातलेले कुलाब्याचे चर्च जणू वेगळ्याच धर्माचे वाटते.

कुलाब्याची कोनशिला ४ डिसेंबर १८४७ रोजी बसली. आराखडा हेन्री कॉनिबेअर याचा. हा माणूस मुंबईला एका दुसऱ्या कारणाने अधिक परिचित असायला हवा : विहार तलावाची पाणीयोजना त्याचीच. शहराच्या नळाला प्रथम पाणी आणणारा अभियंता आणि कुलाब्याच्या कमानी उभारणारा स्थपती एकच. त्याने इंग्लंडच्या तेराव्या शतकातील शैली निवडली : अरुंद टोकदार खिडक्या, निग्रही साधेपणा, अलंकार बेताचा. दगड मात्र इथलाच, पिवळसर छटेचा बेसॉल्ट. सह्याद्रीच्या दगडातून इंग्लंडचे गाव उभारण्याचा हा खटाटोप मला कधी हास्यास्पद वाटतो, कधी करुण. घरापासून हजारो मैलांवर मरणाऱ्या माणसांना ओळखीचे छप्पर हवे होते.

चर्च पूर्ण होण्यापूर्वीच, ७ जानेवारी १८५८ रोजी, बिशप हार्डिंग याने त्याचे पवित्रीकरण केले. मनोरा अजून व्हायचा होता. पैसा अपुरा पडत होता. शेवटी कावसजी जहांगीर या पारशी दानशूराच्या देणगीचा हातभार लागला आणि १८६५ मध्ये मनोरा पुरा झाला. सुमारे १९८ फूट उंचीचा हा सुळका बंदरात शिरणाऱ्या जहाजांना लांबून दिसे आणि खलाशी त्याचा खूण म्हणून उपयोग करीत. ख्रिस्ती सैनिकांच्या स्मारकाचा कळस एका पारशाच्या दातृत्वाची मदत घेऊन चढला, ही मुंबईची खास रीत.

आता आत चला. आतील सामानसुमानाची आखणी विल्यम बटरफिल्ड याने केली. लंडनमधील ऑल सेंट्स, मार्गारेट स्ट्रीट हे गाजलेले चर्च उभारणारा तो स्थपती. तिकडे त्याचे ते काम चालू होते त्याच काळातले हे. चान्सेलची जाळी, वेदीमागची सजावट, बाक यांवर त्याची छाप आहे. जमिनीवरच्या भौमितिक नक्षीच्या फरशा इंग्लंडातून जहाजाने आल्या. पूर्व आणि पश्चिमेच्या खिडक्यांच्या रंगीत काचा न्यूकॅसलच्या विल्यम वेल्स याच्या. दुपारनंतर पश्चिमेच्या काचांतून ऊन उतरते तेव्हा फरशीवर निळे-तांबडे तुकडे सांडतात. मी त्यांच्याकडे बराच वेळ नुसता पाहत उभा होतो. एखादी वास्तू आपल्याला राजकीयदृष्ट्या कितीही खटकली तरी ती सुंदर असेल तर तसे म्हणण्याचा प्रामाणिकपणा इतिहासाच्या अभ्यासकाकडे असावा.

मनोऱ्यात आठ मोठ्या घंटा आहेत, लफबरोच्या टेलर कारखान्यात ओतलेल्या. त्या १९०४ च्या. इंग्रजी चर्चमध्ये घंटांवर सूर वाजवत नाहीत, क्रम वाजवतात. प्रत्येक घंटा एका चाकाला बांधलेली असते, प्रत्येक दोरीला एक माणूस, आणि घंटांचा क्रम प्रत्येक फेरीला बदलत न्यायचा, एकही क्रम पुन्हा न येऊ देता. आठ घंटांचे असे ४०,३२० क्रम होतात. गणिताच्या शिक्षकांनी हे उदाहरण वर्गात वापरून पाहावे.

बाकांकडे निरखून पाहा. त्यांवर खाचा आहेत. प्रार्थनेला येणाऱ्या सैनिकाने आपली बंदूक तिथे टेकवून ठेवायची. भारतातील छावण्यांच्या चर्चांत ही सोय अनेक ठिकाणी दिसते आणि तिचे कारण मेरठ. १० मे १८५७ हा रविवार होता आणि उठाव झाला तो संध्याकाळच्या प्रार्थनेच्या सुमारास. त्यानंतर गोऱ्या पलटणी शस्त्रांसह प्रार्थनेला जाऊ लागल्या. समान बसण्यासाठी तोडलेले बंदिस्त बाक, आणि त्यांच्या जागी आलेल्या उघड्या बाकांना बंदुकीच्या खाचा! केंब्रिजच्या त्या तरुणांच्या स्वप्नात हे नक्कीच नव्हते. गावाचे चर्च छावणीत आले की त्याच्या लाकडातही भीती कोरली जाते.

आणि आता चान्सेलच्या भिंतीवरची नावे.

पहिल्या अफगाण युद्धाची शाळेतली गोष्ट साऱ्यांना ठाऊक आहे : जानेवारी १८४२, काबूलहून परतणारी फौज, सुमारे ४,५०० सैनिक आणि १२,००० बाजारबुणगे, बर्फातील खिंडींत झालेली कत्तल, आणि थकल्या घोड्यावरून जलालाबादला पोहोचलेला एकटा डॉक्टर ब्रायडन. ही गोष्ट दोन ठिकाणी अपुरी आहे. ब्रायडन एकटा वाचला नाही. काही ओलीस होते, आणि काही हिंदी शिपाई व नोकर पुढे कसेबसे परतले. त्यांना चित्रात जागा मिळाली नाही, इतकेच. दुसरे असे की ती फौज मुख्यतः बंगालची होती. मुंबईची फौज दुसऱ्या वाटेने गेली होती आणि कुलाब्याचे चर्च समजायचे तर तिची वाट पाहायला हवी.

१८३८ च्या अखेरीस सर जॉन कीन मुंबईची तुकडी घेऊन समुद्रमार्गे सिंधच्या किनाऱ्यावर उतरला. तिथून बोलन खिंडीतून कंदाहार, मग २३ जुलै १८३९ रोजी गझनीचा किल्ला. त्या मोहिमेत पूना हॉर्स होते. कीनच्या दिमतीला जेम्स औट्रम होता, आणि हे नाव खानदेशी वाचकाला परके नाही. १८२५ पासून दहा वर्षे तो आपल्या खानदेशात होता. धरणगावला भिल्ल पलटण त्यानेच उभारली. सातपुड्यातील भिल्लांना एका हाताने मोडून दुसऱ्या हाताने सैन्यात घेणारा हा माणूस धरणगावातून निघून गझनीला पोहोचला, मग सिंधमध्ये. तिथे सिंध खालसा करण्यावरून त्याचे सेनापती नेपियरशी उघड वैर झाले. औट्रमचा देह लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबीत पुरलेला आहे. त्याच्या धरणगावच्या पलटणीतील भिल्ल शिपायांचे काय झाले, याचा शोध घेण्याचे काम आपल्यापैकी एखाद्या तरुणाने अंगावर घ्यावे असे मला फार दिवसांपासून वाटते.

आणखी एक ठिकाण : कहान. बलुचिस्तानातील मर्री टोळ्यांच्या मुलखातला एकाकी किल्ला. १८४० मध्ये कॅप्टन लुईस ब्राउन आणि मुंबईच्या पाचव्या देशी पलटणीची एक छोटी तुकडी तिथे कित्येक महिने वेढ्यात अडकली. त्यांच्या मदतीला निघालेली फौज नफुस्क खिंडीत मार खाऊन परतली. अखेर मर्री सरदाराशी बोलणी होऊन तुकडी बाहेर पडली. ही पलटण पुढे मराठा लाइट इन्फन्ट्रीत आली. ‘काली पांचवीं’ या नावाने तिचा वारसा आजही चालतो आणि ‘कहान’ हा तिचा युद्धसन्मान आहे. म्हणजे इथे आपण कुणा परक्याच्या युद्धाबद्दल बोलत नाही. युद्ध परक्याचे होते खरे, पण त्यात मेलेल्यांत कोकणातले आणि देशावरचे पुष्कळ होते.

त्यांची नावे चान्सेलच्या भिंतीवर नाहीत. तिथे कॅप्टन आहेत, लेफ्टनंट आहेत. गोऱ्या साध्या सैनिकाचेही नाव नाही, हे न्यायाने नोंदवले पाहिजे. ही दरी केवळ वर्णाची नाही, हुद्द्याचीही आहे. काळ्या शिपायाची अवस्था मात्र त्याहून विचित्र. तो त्या ‘अगणित’ साध्या सैनिकांत तरी मोजलेला आहे का? लेख ते स्पष्ट करत नाही. आणि तो तसा मोजलेला असेल तर ख्रिस्ती वेदीशेजारच्या भिंतीवर आपले नाव असावे असे एखाद्या वारकऱ्याच्या पोराला वाटले असते का? मला याचे उत्तर सोपे वाटत नाही. पण उत्तर अवघड असणे वेगळे आणि प्रश्नच न पडणे वेगळे.

‘फार होते म्हणून लिहिता आले नाहीत’ हे कारण तर अजिबात पटत नाही. पलटणीत हजेरीपट असत. त्याशिवाय पगार वाटला जात नाही. इंग्लंडमध्ये प्रत्येक मजुराचे नाव पेटीत जपणाऱ्या परंपरेतून आलेली ही माणसे. शिवाय याच मुंबई फौजेने त्याआधी काय केले होते ते भीमा कोरेगावला जाऊन पाहावे. १ जानेवारी १८१८ च्या लढाईचा स्तंभ १८२१ मध्ये सुरू झाला आणि त्याच्यावर मेलेल्या शिपायांची नावे कोरलेली आहेत. त्यांतील २२ नावांच्या शेवटी ‘नाक’ आहे. त्या स्तंभाचा अर्थ काय यावर आज कितीही वाद असोत, वाद घालायला तिथे नावे आहेत. कोरेगावचे मृत मोजके होते, अफगाणिस्तानचे हजारो, हा फरक मान्य. पण कोरेगावला विजय मिळाला होता. मला वाटते, खरा फरक तिथे आहे. जिंकलेल्या लढाईचा हिशेब नावानिशी देता येतो. हरलेल्या, हेतूच चुकलेल्या युद्धाचा हिशेब एका सभ्य वाक्यात आटोपावा लागतो.

सेंट थॉमसमधील गव्हर्नर जोनाथन डंकन याचे स्मारकशिल्प आठवा. १८११ मध्ये तो वारला. शिल्प धाकट्या जॉन बेकनचे. त्यात हिंदी माणसे आहेत : झाडाखाली कृतज्ञ मुद्रेने, सुबक घडवलेली, निनावी. एका चर्चमध्ये आपल्याला चेहरा मिळाला पण नाव नाही. दुसऱ्यात तोही नाही.

आपल्या वीरगळांशी तुलना करण्याचा मोह होतो. खानदेशात कित्येक गावांच्या वेशीवर शेंदूर फासलेले वीरगळ उभे आहेत. खाली लढाई, मधल्या चौकटीत अप्सरा वीराला नेत आहेत, वर तो शिवलिंगासमोर हात जोडून बसलेला, आणि शेंड्याला चंद्रसूर्य. बहुतेकांवर नाव नाही. मग आपण इंग्रजांना कोणत्या तोंडाने बोलणार? असे मला एका मित्राने विचारले. उत्तर असे की वीरगळ त्या गावात उभा असतो जिथे त्या माणसाचे नाव सर्वांना ठाऊक होते. नाव लिहिण्याची गरजच नव्हती; त्याची म्हातारी तिथेच दिवा लावत होती. नाव हरवते ते पुढे, पिढ्या बदलल्यावर. कुलाब्यात ते पहिल्याच दिवशी हरवले.

पुढची गोष्ट थोडक्यात. पहिल्या महायुद्धानंतर, मृतांना हुद्दा पाहून वेगळे करायचे नाही असे इंग्रजांनीच तत्त्व म्हणून मान्य केले. दिल्लीचे इंडिया गेट १९३१ चे. त्याच्यावर १३ हजारांहून अधिक नावे आहेत. आणि तरीही मेसोपोटेमियातील मोहिमेसाठी १९२९ मध्ये उभारलेल्या बसऱ्याच्या स्मारकावर हिंदी सैन्यातील फक्त अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली; बाकीचे पलटणीच्या नावाखाली ‘आणि इतर इतके’ अशा आकड्यात. त्या मोहिमेत कूतच्या वेढ्यापर्यंत गेलेल्या पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनमध्ये तीन मराठा पलटणी होत्या. कुलाब्यातील त्या वाक्याला ऐंशी वर्षे झाली तरी ते कुणीतरी पुन्हा लिहीत होते.

महाराष्ट्रातल्या कित्येक गावांत त्याच महायुद्धाच्या छोट्या संगमरवरी पाट्या आहेत : या गावातून इतके लोक लढाईस गेले, पैकी इतके मेले. चावडीच्या, शाळेच्या किंवा देवळाच्या भिंतीत बसवलेल्या. त्यांतही आकडा असतो, नाव नसते. तुमच्या गावात अशी पाटी असेल तर तिचे छायाचित्र या धाग्याखाली जोडा आणि गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारून जेवढी नावे मिळतील तेवढी सोबत लिहा. छायाचित्र सकाळी काढा. तिरप्या उन्हात झिजलेले अक्षर उठून दिसते; दुपारी ते वाचता येत नाही.